नकाराचा रकाना

आंबेखिंडच्या पोलीस ठाण्यात टोपी आली त्याला नऊ वर्षं होऊन गेली होती, आणि या नऊ वर्षांत तिला नको म्हणणारा माणूस तालुक्यात निपजला नव्हता. पहिला निपजला तो नेमका कस्तुरी पांचाळच्या घरात. तिचे वडील, तातोबा कुलूपवाले.

कस्तुरीच्या घरात हे घडावं यातली गंमत समजायची तर आधी टोपी समजायला हवी. दिसायला ती हिवाळ्यात म्हातारी माणसं घालतात तशा कानटोपीसारखीच, फक्त राखाडी आणि आतून बारीक धातूच्या धाग्यांनी विणलेली. आपण ओळखीची वस्तू पाहिली की तोंड बोलो न बोलो, मेंदू बोलतोच. सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाच्या सुमारास त्यात विजेची एक इवलीशी लाट उठते. ही लाट शास्त्रज्ञांना मागच्या शतकापासून ठाऊक होती, पण तेव्हा ती टिपायला डोक्याला चिकट मलम फासून तारा जोडाव्या लागत, तेच तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवावं लागे, आणि एवढं करून निकाल धूसरच येई. नव्या टोपीला मलम नको होतं आणि संगणकही आता एका झलकेत लाट ओळखायला शिकला होता.

पद्धत सोपी. संशयिताला सहा चाकूंचे फोटो दाखवायचे. पाच कुठलेही, एक गुन्ह्यातला. ज्याने तो पाहिलाच नाही त्याला सहाही सारखेच. ज्याने पाहिलाय त्याची लाट त्या एका फोटोला उसळी मारते. शंभरात सत्त्याण्णव वेळा टोपी बरोबर ठरते, असं कंपनी म्हणायची आणि कोर्टंही मानायची.

मात्र टोपी खोटं पकडत नाही, ती ओळख पकडते. वस्तू कधी पाहिली, का पाहिली, कुणी दाखवली, यातलं तिला काही कळत नाही. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी हे फळ्यावर ठळक लिहिलं जायचं, आणि दुसऱ्या दिवशी तो फळा पुसला जायचा.

आरोपीला स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायची सक्ती करता येणार नाही, असं राज्यघटनेच्या विसाव्या कलमात लिहिलेलंच आहे. मग मेंदूतली लाट ही साक्ष धरायची की नाही? यावर मोठमोठ्या वकिलांनी वर्षानुवर्षं घसे कोरडे केले, आणि शेवटी कायदा झाला की टोपी घालायची ती संशयिताच्या राजीखुशीनं, आणि ती राजीखुशी पोलिसांनी नव्हे, तर वेगळ्या खात्याच्या संमती अधिकाऱ्यानं नोंदवायची. अधिकाऱ्यानं संशयितासमोर चार वाक्यं वाचायची आणि मग विचारायचं.

आंबेखिंड तालुक्याची संमती अधिकारी म्हणजे आपली कस्तुरी.

ती चार वाक्यं तिनं पाठ केली होती वडिलांच्या दुकानात. बसस्थानकामागच्या गल्लीत तातोबांचं हातरुंदीचं दुकान. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती स्टुलावर बसून घोकत होती आणि तातोबा कानसेनं किल्ली घासत होते.

"तुम्हाला गप्प राहण्याचा अधिकार आहे, तुमच्या मेंदूलाही आहे, ही टोपी घालण्याची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही, तुम्ही नकार दिलात तर त्या नकाराचा अर्थ कोणी काढणार नाही," कस्तुरीनं एका दमात म्हटलं.

कानस थांबली. "परत म्हण. आगगाडी सोडल्यावानी म्हणालीस."

"आबा, पाठ झालंय का तेवढंच बघायचंय."

"माझं नव्हं झालं अजून. म्हण."

तिनं हसत हसत पुन्हा म्हटलं, सावकाश. तातोबांनी डोळे मिटून ऐकलं. "मेंदूलाबी हाय म्हनं," ते स्वतःशीच पुटपुटले. "लई ब्येस लिवलंय कुणीतरी." आणि पुन्हा घासायला लागले.

नोकरी लागली. पहिले काही महिने कस्तुरी वाक्यं जपून वाचायची. पण समोरचा माणूस ऐकतोय कुठे? गुन्हा केलेला म्हणायचा, घाला टोपी, कारण नाही म्हटलं तर लोक काय म्हणतील. न केलेला म्हणायचा, घाला टोपी, मी काय घाबरतो? हळूहळू तिच्याही जिभेला सवय लागली. चार वाक्यांचं एक वाक्य झालं, एका वाक्याची गुणगुण झाली, आणि ती संपायच्या आत पडद्यावरच्या होकाराच्या रकान्यावर तिचं बोट टेकलेलं असायचं. त्याच्याखाली नकाराचाही एक रकाना होता. तिनं तो चार वर्षांत एकदाही उघडला नव्हता. आत काय आहे हेही तिला माहीत नव्हतं.

मग शितोळ्यांच्या गजराआक्का गेल्या.

गजराआक्का म्हणजे शितोळे राइस मिलच्या मालकीणबाई, वय त्र्याऐंशी, तीन मुलगे. मुलगे एका बंगल्यात तीन मजल्यांवर राहायचे आणि एकमेकांशी वकिलामार्फत बोलायचे. थोरले दौलतराव सांगत होते की दोन वर्षांपूर्वी आईनं मृत्युपत्राचं पाकीट सगळ्यांदेखत तिच्या खोलीतल्या जुन्या लोखंडी तिजोरीत ठेवलं. किल्ली एकच, आणि ती तेव्हापासून दौलतरावांच्या करगोट्याला. तेराव्यानंतर पंचांसमक्ष तिजोरी उघडली, तर आत आक्कांच्या चार पैठण्या आणि कापूर. पाकीट नाही. कुलपावर ओरखडाही नाही.

असलं जुनं तीन खिट्ट्यांचं कुलूप किल्लीवाचून आणि ओरखड्यावाचून उघडणारा माणूस तीन तालुक्यांत एकच होता. त्यातून शेजारच्या बाईंनी जबाब दिला की गेल्या भाद्रपदात भर दुपारी, मुलगे-सुना कुणी घरात नसताना, तातोबा त्यांची कातडी पिशवी घेऊन शितोळ्यांच्या फाटकातून आत गेलेले तिनं पाहिले होते.

पोलीस निरीक्षक जगदाळे तसा सज्जन माणूस. तातोबांना त्यानं खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारलं, "तातोबा, गेला होतात का हो तिथं?"

"मला काय सांगायचं न्हाई, सायेब," तातोबा म्हणाले. चहा मात्र त्यांनी बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत प्याला.

"मग टोपी घाला. पाच मिनिटांत मोकळे व्हाल."

"इच्यार करतो."

जगदाळेनं त्यांना सोमवारपर्यंत मुदत दिली. स्वतःच्या वडिलांची संमती कस्तुरीला नोंदवता येणार नव्हती, म्हणून शेजारच्या तालुक्यातून सदलगे नावाचा अधिकारी बोलावला, आणि कस्तुरीला बाजूला घेऊन जगदाळे म्हणाला, "ताई, समजवा त्यांना. नाही म्हणाले तर मला त्यांना अटक करावी लागेल. परवाना जाईल. या वयात कोण शिकवणार त्यांना दुसरं काम?"

कस्तुरी घरी आली ती तणतणतच. तिची आई शेवंताबाई ओट्याशी शेंगा भाजत होती आणि तातोबा तिच्या शेजारी पाटावर बसून त्या सोलायच्या निमित्तानं खात होते.

"आबा, तुम्ही टोपी घालताय. सोमवारी. अकरा वाजता."

"बरं वाटंल का मला त्यात? डोस्कं लई तापतं माझं."

"चेष्टा नकोय. तुम्ही काही केलं नाहीये ना? मग घालायला काय हरकत आहे?"

ते वाक्य तोंडातून गेलं आणि कस्तुरी चपापली. चार वर्षांत प्रत्येक संशयिताच्या बायकोनं, आईनं, भावानं ठाण्याच्या व्हरांड्यात हेच वाक्य म्हटलं होतं. पण ती मागे हटली नाही. "सांगा ना. गेला होतात तिथं?"

तातोबांनी एक शेंग फोडली, दाणे तिच्या हातावर ठेवले. "खा."

"आई, तू तरी विचार!"

शेवंताबाईनं उलथणं खाली ठेवलं. "मी? बेचाळीस वर्सं झाली लगीन होऊन. गावातल्या निम्म्या घरांची कपाटं या मानसानं उघडली. कुणाच्या कपाटात काय हाय, मी काय कमी इचारलं व्हय? रुसून बगितलं, दोन दिस जेवले न्हाई. तर ह्यो बाबा माझ्या वाटणीचं बी जेवला. पर बोलला न्हाई."

"दुसऱ्याच्या घरातलं असतंय ते," तातोबा म्हणाले.

हे मात्र कस्तुरीला लहानपणापासून माहीत होतं. शाळेला सुट्टी असली की ती त्यांच्याबरोबर जायची. कुलूप कानाशी लावून ते बारीक तार फिरवायचे, शेवटची खिट्टी सरकली की दार बोटभर ढकलायचे आणि तिथल्या तिथं पाठ फिरवायचे. तिचाही खांदा धरून तिला वळवायचे. घरमालक आपलं काय ते बघून, घेऊन, दार लोटून "झालं" म्हणेपर्यंत बापलेक भिंतीकडे तोंड करून उभे. एकदा तिनं मान वळवून पाहिलं होतं तर परतीच्या वाटेवर आबा तिच्याशी एक अक्षर बोलले नव्हते, आणि त्याचं तिला अजून वाईट वाटायचं.

"आबा, ते ठीक आहे. पण आता प्रश्न तुमचा आहे. नाही म्हटलंत तर सगळा गाव म्हणेल, तातोबानंच केलं."

"गावाचं ऱ्हाऊ दे. तू काय म्हनतीस?"

कस्तुरीनं हातातले दाणे तोंडात टाकले. गेले दोन दिवस तिच्या मनात एक किडा वळवळत होता. आबांनी खरंच केलं असेल तर? दौलतराव त्या घरात कसा वागतो हे सगळ्यांना ठाऊक होतं, धाकट्या कुणी भावानं गळ घातली असेल, आबांचा जीव मऊ. नाहीतर साधी टोपी घालायला हा माणूस का अडून बसलाय? तिला स्वतःची लाज वाटली, पण किडा काही जाईना.

तातोबांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि उरलेल्या शेंगा तिच्याकडे सरकवल्या. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी अकराला टोपीच्या खोलीत चौघं होती. जगदाळे दाराशी, सदलगे टेबलाशी, तातोबा खुर्चीत, आणि शेजारी कस्तुरी. संशयिताला सोबत आपलं एक माणूस घेता येतं, आणि तातोबांनी तिचंच नाव दिलं होतं. टेबलावर टोपी. समोरच्या पडद्यावर अजून काही नव्हतं, पण त्यावर काय येणार ते कस्तुरीला पाठ होतं. सहा खोल्या, सहा कुलपं, दार अर्धं उघडं असलेल्या सहा तिजोऱ्या.

सदलगे तरुण आणि हसतमुख होता. त्यानं नमस्कार केला, घड्याळाकडे पाहिलं आणि सुरुवात केली. "तुम्हालागप्पराहण्याचाअधिकारआहेतुमच्यामेंदूलाही..." शब्दांना शब्द चिकटून आले. कस्तुरीला वाटलं, कुणीतरी तिचाच आवाज चोरून आणलाय. तीच गुणगुण, शेवटी तोच बारीक उसासा, आणि होकाराच्या रकान्यावर आधीच टेकलेलं तेच बोट.

"...काढणार नाही. घालू ना काका?"

"सायेब," तातोबा म्हणाले, "परत वाचा की. जरा दमानं."

सदलगेनं पुन्हा वाचलं. किंचित मोठ्यानं, पण तेवढ्याच वेगानं. त्याला दुसरा वेग येतच नव्हता.

"तसं नव्हं." तातोबा वळले. "कस्तुरे, तू वाच. दुकानात वाचलं होतंस तसं."

कस्तुरीनं जगदाळेकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले. नियमात वाचणारा कोण हे लिहिलं होतं, पण पुन्हा वाचू नये असं कुठे लिहिलं नव्हतं. तिनं कागद हातात घेतला. वाक्यं पाठ असूनही घेतला, आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

"तुम्हाला गप्प राहण्याचा अधिकार आहे."

तातोबांनी डोळे मिटले.

"तुमच्या मेंदूलाही आहे."

खोलीत पंखा फिरत होता. जगदाळे दाराला टेकला होता तो सरळ उभा राहिला.

"ही टोपी घालण्याची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही." तिला शेंगा सोलणारे आबा आठवले, आणि आपला तो तणतणलेला आवाज. सोमवारी. अकरा वाजता.

"तुम्ही नकार दिलात, तर त्या नकाराचा अर्थ..."

अर्थ तर तिनं काढून ठेवला होता. गावानं काढायच्या आधी, दौलतरावांच्याही आधी, स्वतःच्या घरात बसून, या माणसाच्या हातचे दाणे खात. डोळ्यांत पाणी आलं ते तिनं लपवलं नाही. "त्या नकाराचा अर्थ कोणी काढणार नाही, आबा," ती म्हणाली. कागदावर आबा नव्हतं.

"आता कसं," तातोबा म्हणाले. "न्हाई घालत."

सदलगेचं बोट होकारावर तसंच होतं. "म्हणजे?"

"न्हाई म्हनजे न्हाई."

आता पंचाईत झाली. नकाराचा रकाना नऊ वर्षांत कुणी उघडलाच नव्हता. सदलगेनं तो दाबला तर पडद्यानं विचारलं, आपली खात्री आहे का? त्यानं हो म्हटलं तर पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा एक लांबलचक कोरी चौकट उघडली, वर लिहिलेलं: नकाराचं कारण.

"कारण काय टाकू, काका?"

तातोबा काही बोलायच्या आत कस्तुरी पुढं झाली. "कारण विचारायचं नाही. कायद्यात कुठंही नाही. ही चौकट कुणीतरी उगाच घातलीय."

"कोरी ठेवली तर पुढं जात नाहीये, मॅडम."

"मग लिहा. 'कारण विचारलेलं नाही.'"

सदलगेनं तसं लिहिलं. पडदा पुढं सरकला. जगदाळेनं मोठा सुस्कारा टाकला, तातोबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि नाइलाजानं त्यांना अटक केली.

दुसऱ्या दिवशी जामीन झाला, पण अट पडली की खटल्याचा निकाल लागेपर्यंत तातोबांनी कुठल्याही कुलपाला हात लावायचा नाही. कातडी पिशवी मोहोरबंद होऊन ठाण्यात गेली. दुकानाचं दार बंद झालं. गावानं अर्थ काढायचा तो काढलाच. बसस्थानकावर लोक बोलता बोलता थांबायचे. ज्यांची कपाटं तातोबांनी वीस वर्षं उघडली होती, त्यातल्या दोघांनी कुलपं बदलून घेतली आणि ती बदलल्याचं चारचौघांत सांगितलं. तातोबा सकाळी अंघोळ करून तयार व्हायचे, टोपी घालायचे, म्हणजे आपली गांधी टोपी, आणि जायला कुठं नाही म्हणून पुन्हा काढायचे. कस्तुरीनं एकदाही काही विचारलं नाही. संध्याकाळी ती त्यांच्याशेजारी बसायची आणि मुद्दाम शेंगा नीट सोलायची नाही, म्हणजे ते ओरडतील. ते ओरडायचे.

इकडे जगदाळेची फार वाईट अवस्था झाली होती. टोपी नाही म्हणजे पुरावा नाही, आणि पुरावा नाही म्हणजे तो शोधायला हवा. इथं आल्यापासूनच्या पाच वर्षांत त्यानं असं काही केलं नव्हतं. पोलीस शाळेत शिकवलेलं आठवत आठवत तो निघाला. पाकीट गेलं केव्हा? आक्का शेवटच्या वर्षी घराबाहेर पडल्या का? शितोळे म्हणाले, छे, आई अंथरुणावरच. तरी त्यानं शितोळ्यांच्या बंगल्यामागच्या तळ्याकाठचे रिक्षावाले एकेक करून विचारले. अकराव्याला आठवलं, भाद्रपदात एक म्हातारी, नऊवारी, हातात कापडी पिशवी, बसस्थानकावर सोडली होती. उतरताना म्हणाली होती, घरी सांगू नको रे बाबा. मग साताऱ्याच्या बसचा वाहक. मग साताऱ्याला उतरून ती कुठं गेली असेल याचा शोध, दवाखाना, देऊळ, नातेवाईक, कुठंच नाही. शेवटी दमून तो एका चहाच्या टपरीवर बसला आणि समोरची पाटी वाचली. जिल्हा निबंधकांचं कार्यालय.

मृत्युपत्र मोहोरबंद पाकिटात निबंधकाकडे ठेवायची सोय आपल्याकडे फार जुनी आहे. फारसं कुणी वापरत नाही, म्हणून कुणाला आठवत नाही. नोंदवहीत भाद्रपदातली तारीख होती आणि खाली गजराआक्कांची थरथरती, पण स्वच्छ सही.

चोरी झालीच नव्हती. आपलं पाकीट आक्का आपल्या हातानं घेऊन गेल्या होत्या.

जगदाळे कातडी पिशवी घेऊन स्वतः पांचाळांच्या घरी आला. रविवार होता, सकाळचे दहा. शेवंताबाईनं पोहे केले. त्यानं सगळी हकीकत सांगितली, बुटाचा उसवलेला टाका दाखवला, आणि दोन बश्या पोहे खाल्ले.

"एकच गोष्ट राहते," तो तोंड पुसत म्हणाला. "किल्ली दौलतरावांच्या कमरेला. मग म्हातारीनं तिजोरी उघडली कशी?" त्यानं तातोबांकडे पाहिलं. तातोबा पिशवीतल्या तारा मोजून बघण्यात गुंग होते. जगदाळे उठला. "असो. गुन्हाच नाही, तर आता तो प्रश्न माझा नाही. येतो, काका. चुकलं आमचं."

तो गेला, आणि कस्तुरी उंबऱ्यातच उभी राहिली. तिच्या डोळ्यांसमोर टोपीच्या खोलीतला पडदा होता. सहा तिजोऱ्या. भाद्रपदातली दुपार, घरात कुणी नाही, एक म्हातारी आपल्याच पोरांना चोरून आपलीच तिजोरी उघडून घेतेय, आणि कुलूप उघडणारा माणूस दार बोटभर ढकलून भिंतीकडे वळतोय. कुणाला सांगू नकोस, असंही ती म्हणाली असणार. तिच्या हाताला काय लागलं हे त्याला माहीतसुद्धा नसणार. पण ती खोली, ते कुलूप, ते बोटभर उघडलेलं दार त्यानं पाहिलेलं. एक झलक पुरते. पाच फोटोंना सपाट रेघ आणि सहाव्याला उसळी, शंभरात सत्त्याण्णव. न झालेल्या चोरीबद्दल आबा आज तुरुंगात असते, आणि निकालाचा कागद पाहून सगळ्यात आधी खात्री पटली असती ती तिची.

की असं काही झालंच नव्हतं? तेही तिला माहीत नव्हतं. हा सगळा तिचाच अंदाज.

ती आत आली. तातोबांनी पाटावर पिशवी उलटी केली होती. तार, पाना, कानस, एकेक पुसून पुन्हा जागेवर ठेवत होते. हात झपाझप चालत होते, तीन आठवड्यांनी. चेहरा लहान मुलासारखा उजळला होता.

"कस्तुरे," ते मान वर न करता म्हणाले, "मिटलं सगळं. कोरट बी न्हाई, पोलीस बी न्हाई. लई दिस कळ काढलीस पोरी. मला काय दिसत नव्हतं व्हय? इचार आता, का न्हाई घातली टोपी. तुला सांगतो."

ओट्यापाशी शेवंताबाईच्या हातातली कपबशी थांबली. बेचाळीस वर्षांत असं घडलं नव्हतं.

कस्तुरीनं वडिलांकडे पाहिलं. पांढऱ्या भुवया, कानसेनं गुळगुळीत झालेली बोटं, आणि तिच्यावरच्या मायेपोटी आयुष्यात पहिल्यांदा नेम मोडायला निघालेला तो माणूस. तिला ते ऐकायचं होतं. खूप ऐकायचं होतं. तिनं काही न बोलता पदर खोचला, मागं वळली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, खांदे सरळ, लहानपणी आबा तिला उभं करायचे अगदी तशीच.

मागं तार, पाना, कानस एकेक करून पिशवीत ठेवल्याचे आवाज आले. मग कातडी पिशवीचं बक्कल लागल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ तातोबांचा.

"झालं," ते म्हणाले. "वळ आता."